रंगूबाईची फुलपात्री

भांडी बाजार, नाशिक
२० ऑक्टोबर २००५

ती. अक्का,

सावळीरामचा नमस्कार. ज्ञानेश म्हणतो, बाबा, आजकाल पत्र कोण लिहितं, आत्याला फोन करा. मी त्याला म्हटलं, तुझी आत्या फोन कानाला लावून नुसती "बरंय, बरंय" म्हणत राहील, आणि इकडे घराला आग लागली म्हणून मी ओरडलो तरी "बरं झालं" म्हणेल. पोरगा हसला आणि मला पेन शोधून दिलं.

तर अक्का, गंगापूर रोडचं ते मोठं दुकान एकदाचं उघडलं. मॉल म्हणतात. परवा दुपारी दुकान ज्ञानेशवर सोपवून मी गुपचूप बघून आलो. फरशी अशी चकचकीत की चपला काढाव्यात की काय कळेना. भांड्यांचा एक मजलाच आहे. आपली अख्खी गल्ली त्यात मावेल आणि वर दोन टेम्पो उभे राहतील. नवरीचा सगळा संसार एका खोक्यात भरून ठेवलाय, कुकरपासून चमच्यापर्यंत. कुणी काही विचारत नाही. आपल्याकडे बाई ओट्यावर टेकली की आपण आधी विचारतो, कुणाचं लग्न काढलंय? तिथे आपणच उचलायचं, आपणच ढकलगाडीत टाकायचं, आपणच ढकलत न्यायचं.

किंमत कमी आहे, त्याचं मला काही नाही. स्वस्त विकणारे आले आणि गेले. पण दाराशी एक पोरगा विजेचं पेन घेऊन बसवलाय. भांडं घेतलं की घर्र करून त्यावर नाव घालून देतो. फुकट! बाबा आयुष्यभर सांगत आले, भांडं कुठेही मिळतं रे, लोक आपल्याकडे नावासाठी येतात. ते नावच फुकट झालं तर आपल्याकडे कशासाठी यायचं कुणी?

ज्ञानेशचं म्हणणं, आपणही तसलं मशीन आणू. मशीन काय, कुणीही चालवेल. मग दुकानात मी कशाला? त्यावरून बापलेकात दोन दिवस धुसफूस आहे. धनत्रयोदशी तोंडावर आलीय आणि माझं कशात लक्ष नाही. तू लहानपणापासून मला वाटेला लावत आलीस. आता सांग काय करू.

तुझा
सावळीराम


नांदगाव
२५ ऑक्टोबर २००५

सावळ्या,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात मोजून द्यायचे?

एवढा रडतोस काय रे बायल्यासारखा? मॉल आला म्हणजे काय वाघ आला? मी बाई आहे, भांडी बाई घेते, तेव्हा माझं ऐक. भांडी घ्यायला बाई कधी एकटी येत नाही. आई, मावशी, जाऊ, शेजारीण, चौघी येतात. त्या चौघींना बसायला सतरंजी टाक, पाणी दे, आणि त्या भांडत असतील तर मध्ये बोलू नको. तास गेला तर जाऊ दे. मॉलमध्ये उभं राहून पाय दुखले की त्या आपसूक तुझ्याकडे येतील.

दुसरं, जुन्या भांड्यांची मोड घेणं बंद करू नको. आजेसासूची चेपलेली पितळी कळशी घेऊन मॉलमध्ये गेलं तर तो पोरगा ती घेईल का? तू घेतोस. कल्हईवाल्याला आठवड्यातून एकदा दुकानापुढे बसव.

आणि तिसरं मुख्य. नाव घालायला आत कोपऱ्यात बसतोस ते सोड. ओट्यावर बस, रस्त्यावरून दिसशील असा. पाटी लाव, "नाव हाताने घालून मिळेल." तुझी टकटक गल्लीत ऐकू जाऊ दे. मला ती ऐकू यायची बंद झाली त्याला लय वर्षं झाली, पण माहेरी आले की ओट्यावर तळहात ठेवून बसायची मी. छिन्नीचा ठोका हाताला लागायचा. आई म्हणायची, पोरगी ओटा गरम आहे का बघतीय.

आठवतं का, तू सात-आठ वर्षांचा असशील. बाबा म्हणायचे याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग मी खडूने भांड्यावर नाव लिहायची आणि तू जीभ बाहेर काढून त्यावरून छिन्नी मारायचास. अजून बघ, तुझा र माझाच आहे. नाशिकच्या घराघरात माझा र पडलाय आणि तू एका पेनवाल्या पोराला घाबरतोस.

ज्ञानेशशी बोल. पोरगा वाईट सांगत नाही, त्याला पोटाची काळजी आहे. भाऊबीजेचं भांडं विसरू नको. यंदाच्या तांब्याला फळीवर जागा करून ठेवलीय.

अक्का


भांडी बाजार, नाशिक
१४ जानेवारी २००६

ती. अक्का,

तिळगूळ घे आणि गोड बोल, म्हणजे तुला जमेल तेवढं. हे पत्र मी सांगतोय आणि ज्ञानेश लिहितोय. मला सवड नाही म्हणून. ऐकून तुला बरं वाटेल.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. सतरंजी टाकली. कल्हईवाला दर मंगळवारी येतो, मग त्याच्याभोवती बायांची जत्राच. पाटी लावली, ओट्यावर बसलो. धनत्रयोदशी थंडच गेली, ते लपवत नाही. पण परवा काय झालं ऐक. गंगापूर रोडच्या कमळाबाई म्हणून एक आजी आल्या. पिशवीतून मॉलचा डबा काढला. नातीच्या बारशाला घेतलेला. तीन महिने घासून नाव पुसट झालेलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अहो, पोरीचं नाव गेलं हो, अपशकुन वाटतो." मी म्हटलं, आजी, आणा इकडे. समोर बसवून घालून दिलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, आता जन्मभर राहील. अक्का, त्या दिवशी मला जेवणसुद्धा आठवलं नाही.

तेव्हापासून त्या आजी माझी जाहिरात करत फिरतायत. मखमलाबादच्या एका झेंडूवाल्यांच्या घरचं लग्न आहे मे महिन्यात. त्यांनी पोरीचा सगळा संसार आपल्याकडे सांगितलाय, हंड्यापासून पळीपर्यंत, आणि प्रत्येक भांड्यावर नाव हातानेच. मुलीचे वडील म्हणाले, मॉलमध्ये जाऊन आलो, पण फुलं हाताने खुडलेलीच आणि नाव हातचंच पाहिजे.

तेव्हा धाकट्या भावाची काळजी सोड. अक्षर मी आता जरा मोठं घालतो. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येतं. आणि दोन भांडी झाली की थोडा थांबतो. मॉलवाल्यासारखी घाई कशाला?

(आत्या, नमस्कार. बाबा सांगतायत तसंच लिहिलंय. - ज्ञानेश)

तुझा
सावळीराम


नांदगाव
३ फेब्रुवारी २००६

सावळ्या, माझ्या वाघा,

पत्र वाचून छायाला दोनदा वाचायला लावलं, म्हणजे मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. सुनेला कौतुक कळायला पाहिजे ना माहेरचं!

आता तुझा धंदा जोरात आहे तर माझंही एक काम घे. चांगलं मोठं गिऱ्हाईक समज मला. स्टीलची फुलपात्री पाहिजेत, शंभरेक तरी. आपले लोक, गल्लीतले, झुंबरच्या सासरचे, शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना पुरली पाहिजेत. नाव माझंच. माझ्या तेराव्याला वाटायची आहेत.

लगेच कपाळाला आठ्या घालू नको. सगळ्यांच्या तेराव्याला वाटतात. आपण दोघं लहानपणापासून बघतोय, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", गल्लीतल्या प्रत्येक घरात पाणी प्यायला कुणीतरी मेलेलंच लागतं. मग माझ्या वेळी काय व्हायचं? झुंबर माझा लेक, पण भोळा. तो घाईत जाईल, स्वस्त मिळालं म्हणून त्या मॉलमधून उचलून आणेल, आणि तो पोरगा घर्र करून माझं नाव घालेल, ते तीन महिन्यांत पुसलं जाईल. मी मेल्यावर तीन महिनेसुद्धा टिकू नये का? आणि माझ्या मरणावर धंदा व्हायचाच असेल तर तो माझ्या भावाचा होऊ दे.

सोबत कागद पाठवतेय. त्यावर माझ्या हाताने नाव लिहिलंय, खडूने लिहायची तसंच. यावरून कोर. सवडीने कर, पण फार सवड नको घेऊस. सुरुवात लवकर कर.

इकडे सगळं ठीक. जेवण कमी झालंय, पण या वयात कोण भाकऱ्या थापून खातं? छाया म्हणते माझ्या चोळ्या सैल झाल्या. मी म्हटलं, बरंय, लग्नाच्या वेळच्या काढ.

अक्का


भांडी बाजार, नाशिक
१२ फेब्रुवारी २००६

ती. अक्का,

तुझं पत्र मिळालं. हे मी स्वतः लिहितोय. रागाने हात थरथरतोय, तेव्हा अक्षर समजून घे.

तुला कुणी काय सांगितलं? झुंबर परवा बाजारात येऊन गेला म्हणे, त्याने सांगितलं का दुकानात माशा बसतात म्हणून? गल्लीतलं कुणी बोललं का? म्हणून तू आता माझ्या झोळीत शंभर फुलपात्री टाकतेस होय? दया आली का धाकट्या भावाची? सरळ म्हणायचं, सावळ्या, तुझं काही खरं नाही, हे घे आणि गप बस.

आणि निमित्त तरी कसलं काढलंस! जिवंत बहिणीच्या नावापुढे मी कै. घालू? माझ्या हाताने? बाबांनी कधी कुणाचं तसं नाव आधी घातलं नाही. एकदा एक म्हातारा स्वतःचीच भांडी सांगायला आला होता, आठवतंय? बाबांनी त्याला चहा पाजून घरी पाठवला. म्हणाले, आधी नाव घातलं की भांडं वाट बघायला लागतं.

मला दानधर्म नको. तुझा कागद परत पाठवणार होतो, पण टाकवला नाही. गल्ल्यात ठेवलाय. पुन्हा हा विषय काढू नकोस.

सावळीराम


नांदगाव
२२ फेब्रुवारी २००६

चि. सावळीराम,

अक्षर फारच रागाचं होतं. इतका राग मी तुझा कधी पाहिला नव्हता, बाबा गेले तेव्हा वाटणीवरून भांडलो तेव्हासुद्धा नाही. मोठ्या मुश्किलीने लावून वाचलं.

मला कुणी काही सांगितलं नाही. आणि मी दया केली नाही. मी गिऱ्हाईक म्हणून आले होते, तू मला ओट्यावरून उठवलंस. ठीक आहे. झुंबर नाशिकला जाईल तेव्हा त्याला मॉलमध्ये जायला सांगते. तिथे कुणी काही विचारत नाही म्हणे. बरंच आहे.

रंगूबाई


नांदगाव
१० जून २००६

ती. मामांना छायाचा नमस्कार.

सासूबाईंना न सांगता लिहितेय. मधल्या काळात तुमच्या दोघांचं पत्र बंद आहे, ते मला माहीत आहे. त्या दुपारी पोस्टमन जायच्या वेळेला ओसरीवर येऊन बसतात आणि मी विचारलं की म्हणतात, वारा खायला बसलेय.

मामा, त्यांना पोटाचा कॅन्सर आहे. जानेवारीतच कळलं होतं. एप्रिलमध्ये नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं. तुमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आम्ही दोघं हातापाया पडलो, मामांना कळवू द्या म्हणून. ऐकलं नाही. म्हणाल्या, लग्नसराई आहे, त्याच्याकडे मखमलाबादची मोठी ऑर्डर आहे, तो सगळं टाकून इथे येऊन बसेल आणि मॉलवाल्याचं फावेल. तुमचं दुकान उभं राहतंय याचं त्यांना फार कौतुक होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुमच्या पाटीची गोष्ट त्यांनी कितीदा सांगितली.

डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलंय. पावसाळा निघाला तर निघाला, असं ते म्हणाले.

ते फुलपात्र्यांचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण त्यांनी खरंच गरजेपोटी सांगितलं होतं. ह्यांनी मॉलमधून एक नमुना आणला होता नाव घालून. सासूबाईंनी नावावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, हाताला काहीच लागत नाही गं. परत त्याचं नाव काढलं नाही.

मामा, तुम्ही या. मी लिहिलं हे सांगू नका.

तुमची
छाया


भांडी बाजार, नाशिक
१५ जून २००६

अक्का,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघतोय, ते खिशात घेऊन येईन आणि आल्या आल्या तुझ्या हातात देईन. समोर बसून हे सगळं तुझ्या कानात ओरडायचं म्हटलं तर अख्खं नांदगाव गोळा होईल, आणि मला ते सहन होणार नाही. तू वाच. मी भिंतीकडे तोंड करून बसेन.

अक्षर बघतेस ना? या अक्षरात राग नाही. मागच्या पत्रातही फारसा नव्हता. माझा हातच असा झालाय.

गेल्या दिवाळीच्या आधीपासून उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. वाटलं थकवा असेल. मग बोटं. डॉक्टर कंपवात म्हणाले. गोळी घेतली की थोडा वेळ थांबतो, म्हणून दोन भांडी झाली की थांबायचो. म्हणून अक्षर मोठं. म्हणून संक्रांतीचं पत्र ज्ञानेशच्या हातचं. तुझी ऑर्डर आली तेव्हा मी कागद समोर ठेवून एक फुलपात्र घेऊन बसलो होतो, खरं सांगतो. पहिल्याच अक्षराला छिन्नी भलतीकडे गेली. तुझं नाव मला घालता येईना, हे तुला कसं लिहू? त्यापेक्षा भांडण सोपं वाटलं.

अक्का, तुझं सगळं बरोबर निघालं गं. सतरंजी, मोड, कल्हई, पाटी. लोक आले. मॉलकडे पाठ फिरवून आले, नाव हातचं पाहिजे म्हणून आले. आणि ज्या हातासाठी ते आले तो हातच माझ्याकडे नव्हता. मखमलाबादच्या पोरीच्या हंड्यावर नाव घालत होतो. सगळे समोर बसलेले, नवरीसुद्धा. तिच्या नावावरून छिन्नी घसरली ती थेट आडवी, काट मारल्यासारखी. नवरीच्या आईने छातीला हात लावला. मी पैसे परत केले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा टेम्पो गंगापूर रोडकडे वळला.

ज्ञानेशला मी मशीन आणू दिलं नाही. आता तो त्याच मॉलमध्ये लागलाय, दाराशी विजेचं पेन घेऊन बसतो. त्या पोराची जागा रिकामी झाली होती. घर त्याच्यावर चालतं. संध्याकाळी येतो, माझ्याकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही.

तू एप्रिलमध्ये नाशिकला होतीस. तू माझं दुकान जपत तिथे पडून होतीस आणि मी रिकाम्या ओट्यावर बसून तुझ्यावर रुसलो होतो. याला काय म्हणू, सांग.

छायाला काही बोलू नको. तिने लिहिलं म्हणून मला कळलं.

काल ज्ञानेशला सगळं सांगितलं. तो आज कामावर गेला नाही. गल्ल्यातून तुझा कागद काढला. फुलपात्र त्याने गुडघ्यात धरलं आणि एका हाताने माझं मनगट धरलं, लहान पोराला चालवतात तसं. मी जीभ बाहेर काढून बसलो होतो म्हणे. तो हसला, मग दोघांनाही रडू आलं. सकाळपासून दुपारपर्यंत एक झालं. वाकडं आहे, पण झालं. पुढे कै. घालायला छिन्नी टेकवली आणि उचलून घेतली. ते काही हातामुळे नव्हतं.

ते एक घेऊन येतोय.

सावळ्या


नांदगाव
२७ जून २००६

सावळ्या,

तू गेल्यापासून फुलपात्र उशाशी आहे. पाणी जात नाही फारसं, पण छायाला त्यातच द्यायला लावते. अंगठा फिरवते. ब खाली घसरलाय, गूचा उकार तर दुसऱ्याच गावाला गेलाय. पण र माझाच आहे रे. डोळे मिटून ओळखला.

तू भिंतीकडे तोंड करून बसलास तेव्हा तुझी पाठ हलत होती. मला ऐकू येत नाही म्हणून तुला वाटलं कळणार नाही. वेड्या.

मी तुला कळवलं नाही, तू मला कळवलं नाही. दोघांनाही वाटलं दुसऱ्याचं चांगलं चाललंय, ते बिघडवू नये. एका आईची पोरं, दुसरं काय?

आता ऐक. दुकान आवर. बाबांचं होतं, आजोबांचं होतं, ते सगळं मला माहीत आहे, मला रडवू नको. आवर आणि घरी बस. लोक विचारतील तेव्हा हाताचं सांगू नको कुणाला. सांग, मॉलने खाल्लं. त्याचं पोट मोठं आहे, त्याला एवढं पचेल. तुझा हात गेला हे आपल्यात राहू दे. बाजारात तुझं नाव हाताचं आहे, ते तसंच राहू दे.

राहिलेली जमतील तेवढी घाल. न जमतील ती कोरीच वाटा. मशीनचं नको. पण मशीनवर बसतो म्हणून ज्ञानेशवर चिडू नको. त्याने मनगट धरलं ते मला फार आवडलं.

आणि कै. तू घालू नकोस. तेराव्याला जेवायला आलेल्यांना कळेलच की मी गेलेय ते.

मला भीती वाटते रे. मरणाची नाय, दुखण्याची. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. पुन्हा ये. आलास की काही बोलू नको, नुसता खाटेवर बोटाने टकटक कर.

तुझी
अक्का


नाशिक
भाऊबीज, २४ ऑक्टोबर २००६

चि. छायाला अनेक आशीर्वाद.

हे ज्ञानेशच्या हातून लिहून घेतोय. आता लपवायचं काही नाही.

दुकान दसऱ्याला दिलं. तिथे मोबाइलचं दुकान निघालंय, पाटी उतरवून मी घरी आणली. यंदाच्या धनत्रयोदशीला सवयीने पहाटे उठून अंघोळ करून बसलो आणि मग जायचं कुठे ते कळेना. दोन-तीन बाया घर शोधत आल्या होत्या नाव घालून द्या म्हणून. कमळाबाई होत्या त्यांत. मी म्हटलं, बंद केलं आजी. त्या म्हणाल्या, मॉलने खाल्लं ना तुम्हाला? मी म्हटलं, हो, मॉलनेच खाल्लं. गल्लीतही सगळे तेच म्हणतात, मॉलला चार शिव्या देतात, मी मान हलवतो. अक्काने सांगितलंय तसंच वागतोय.

आज कुणाकडे जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. ज्ञानेशबरोबर एक तांब्या पाठवतोय. कोराच आहे. फळीवर तिने यंदाची जागा ठेवली असेल, ती रिकामी ठेवू नको.

तुला एक सांगायचं राहून गेलं. अक्काच्या तेराव्याला तू आत वाढत होतीस. मी मांडवाच्या कडेला फुलपात्री वाटत बसलो होतो. नाव घातलेली थोडीच होती, ती आधी संपत आली. न्यायडोंगरीकडून आलेल्या कुणी सुलाबाई होत्या, मला ओळखत नव्हत्या. त्यांच्या वाट्याला नावाचं शेवटचं फुलपात्र आलं. उजेडात धरून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, हे नाव कुण्या बारक्या पोराने घातलंय का? लय वाकडं हाय."

मी म्हटलं, "हो. घरचंच पोरगं आहे. तिनेच शिकवलं होतं त्याला."

त्या नावावरून अंगठा फिरवत होत्या. मग फुलपात्र पदराने पुसलं, पिशवीत घातलं आणि उठता उठता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. लहान हाय अजून. हात बसला की चांगलं घालंल."

तुझा
सावळीराममामा